कॉस्टिकची खरी स्ट्रेंथ किती? ॲसिडनं टायट्रेशन पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

लायचा (म्हणजे कॉस्टिकच्या, सोडियम हायड्रॉक्साइडच्या, घट्ट द्रावणाचा) जडपणा मोजणारा हायड्रोमीटर ५२ ट्वाडल दाखवत होता. भिंतीवरच्या तक्त्यात ५२ च्या समोर लिटरला जवळपास ३०० ग्रॅम कॉस्टिक, डाइंगचा मास्टर पण म्हणाला लाय एकदम बरोबर आहे मॅडम, आणि तरी सुताच्या लड्या मर्सराइझ (ताणून धरून घट्ट कॉस्टिकमधून काढून चमक आणणं) होऊन निघाल्या त्या मेल्यासारख्या, चमकच नाही. दोन दिवस आम्ही सुताला दोष दिला, मग मशीनच्या ताणाला दिला, मग पाण्याला दिला, शेवटी वैतागून टायट्रेशन केलं, म्हणजे ताकद माहीत असलेलं ॲसिड थेंब थेंब घालून मोजलं, तर खरं कॉस्टिक निघालं लिटरला २७८. बाकीचं काय होतं ते पुढं हिशोबात येईलच.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका डाय हाऊसच्या लॅबला आहे, दरवर्षी बीएस्सी झालेली दोन-तीन पोरंपोरी नवीन येतात आणि सगळ्यांचं एकच, "मॅडम टायट्रेशन येतं मला, कॉलेजला केलंय." केलेलं असतं खरं. पण कॉलेजला बाटलीत काय आहे ते आधीच माहीत असतं आणि उत्तर शेजारच्या टेबलावरून पण मिळतं, इथं टँकमध्ये काय आहे ते कोणालाच माहीत नसतं आणि तुमच्या आकड्यावर मास्टर हजार लिटरच्या टँकमध्ये कॅनच्या कॅन ओततो. त्यामुळं हे लिहायला घेतलं. एंड पॉइंटचा गुलाबी रंग सगळ्यांनाच दिसतो, त्यात काही मोठी कला नाही, आकडा चुकतो तो ब्युरेट उघडायच्या आधी.

आधी हायड्रोमीटरवर एवढं का बोलते ते. ट्वाडल म्हणजे काय, तर स्पेसिफिक ग्रॅव्हिटीतून १ वजा करायचा आणि २०० नं गुणायचं, १.२६ असेल तर ५२. म्हणजे तो फक्त जडपणा मोजतो. पाण्यात कॉस्टिक विरघळलंय का सोडा (सोडियम कार्बोनेट) विरघळलाय का मीठ का सुताची खळ उतरून आलीय, त्याला काही कळत नाही, सगळ्याला तो कॉस्टिकच समजतो. नवीन फ्लेक्स ताज्या पाण्यात विरघळवून केलेली लाय असेल तर हायड्रोमीटर चालतो, झटपट काम होतं, मी पण वापरते. पण परत परत वापरलेली, उघड्या टँकमध्ये पडून राहिलेली लाय असेल तर टायट्रेशनच. ॲसिड हे अल्कलीशीच रिॲक्शन करतं, मिठाशी नाही.

तत्त्व दोन ओळींचं आहे. सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड एकाला एक प्रमाणात भिडतात, मीठ आणि पाणी तयार होतं. ॲसिडची नॉर्मॅलिटी (ताकदीचा आकडा, लिटरमध्ये किती इक्विव्हॅलंट) माहीत, किती मिली लागलं ते ब्युरेटवर दिसतं, अल्कली किती मिली घेतली ते पिपेटनं ठरलेलं, राहिली एकच गोष्ट माहीत नसलेली, ती काढायची. एन वन व्ही वन बरोबर एन टू व्ही टू, दहावी-बारावीपासून पाठ आहे.

सामान

५० मिलीची ब्युरेट, स्टँड, १० आणि २५ मिलीची पिपेट, पिपेटचा रबरी बल्ब, २५० मिलीचा स्टँडर्ड फ्लास्क दोन तरी, कोनिकल फ्लास्क तीन-चार, वॉश बॉटल, आणि खाली ठेवायला एक पांढरी टाइल, बाथरूमची उरलेली चालते, आमच्याकडं तीच आहे. फिनॉल्फ्थेलिन (१ टक्का, स्पिरिटमध्ये) आणि मिथिल ऑरेंज (पाण्यात, एकदम थोडं). डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी. हे पाणी नीट लिहून घ्या, त्याच्यावर माझं एकदा चांगलंच तोंड पोळलंय.

गॉगल आणि ग्लोव्हज घाला. कॉस्टिक ॲसिडपेक्षा जास्त फसवं, ॲसिड पडलं की लगेच चटका बसतो, कॉस्टिक आधी नुसतं बुळबुळीत लागतं, साबणासारखं, आणि माणूस म्हणतो धुऊ नंतर. ते बुळबुळीत म्हणजे तुमची कातडीच असते. अंगावर पडलं तर भरपूर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं, वरून ॲसिड किंवा लिंबू लावायचं नाही, डोळ्यात गेलं तर धूत राहायचं आणि लगेच डॉक्टरकडं. तोंडानं पिपेट ओढायची नाही, जुने लोक करायचे म्हणून तुम्ही करू नका. आणि डबा त्याच टेबलावर उघडून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खात रीडिंग घेणारा एक होता आमच्याकडं, तसलं पण नको.

सॅम्पल ॲल्युमिनियमच्या भांड्यात आणू नका, कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि हायड्रोजन सुटतो. काचेचं बूच असलेल्या बाटलीत पण ठेवू नका, चार दिवसांत बूच असं घट्ट बसतं की बाटली फोडावी लागते. साधी प्लास्टिकची बाटली, घट्ट झाकणाची. ब्युरेटमध्ये अल्कली नाही तर ॲसिड भरायचं त्याचं पण एक कारण हेच, काचेचा कॉक अल्कलीनं धरतो.

ॲसिड तयार करणं आणि स्टँडर्डाइज करणं

बाजारात मिळणारं लॅबचं कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण ३५ ते ३७ टक्क्यांचं, म्हणजे सुमारे १२ नॉर्मल. ०.१ नॉर्मल एक लिटर करायचं तर साडेआठ मिलीच्या आसपास लागतं. आधी फ्लास्कमध्ये अर्ध्यापेक्षा जास्त पाणी, त्यात ॲसिड, मग मार्कपर्यंत पाणी. उलटं कधीच नाही. बाटली उघडताना धूर येतो तेव्हा खिडकीजवळ किंवा फ्यूम हूडखाली करा.

आता बरेच जण इथं थांबतात आणि बाटलीवर "०.१ एन" असं मार्करनं लिहून मोकळे होतात. अरे बाबांनो, साडेआठ मिली तुम्ही मेजरिंग सिलिंडरनं मोजलं, बाटली कधीची ते माहीत नाही, धूर उडून किती कमी झालंय माहीत नाही, ते ०.१ कसं असेल? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ॲसिडचा आकडा चुकला की त्याच्यावर काढलेला प्रत्येक आकडा तेवढ्याच टक्क्यांनी चुकला, मग तुम्ही कितीही हळू थेंब सोडा.

म्हणून कशाशी तरी ताडून बघायचं जे आपण वजन करून नेमकं घेऊ शकतो. त्याला प्रायमरी स्टँडर्ड म्हणतात आणि ॲसिडसाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे ॲनहायड्रस (पाणी नसलेलं) सोडियम कार्बोनेट, एआर ग्रेड, म्हणजे लॅबसाठीचं शुद्ध. (कपड्याचा धुण्याचा सोडा नाही, त्यात पाण्याचे दहा रेणू बसलेले असतात आणि ते हळूहळू उडत असतात.) कॉस्टिक स्वतः प्रायमरी स्टँडर्ड का चालत नाही विचाराल तर फ्लेक्स वजनकाट्यावर ठेवल्या ठेवल्या हवेतलं पाणी ओढतात, वजन तुमच्या डोळ्यासमोर वाढत जातं.

कार्बोनेट ओव्हनमध्ये २५०-२७० डिग्रीला तासभर तापवायचं, डेसिकेटरमध्ये गार करायचं. त्यातलं १.३२५ ग्रॅम वजन करून २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये विरघळवलं की बरोबर ०.१ नॉर्मल, कारण इक्विव्हॅलंट वजन ५३, त्याचा दहावा भाग ५.३, त्याचा चौथा हिस्सा १.३२५. काट्यावर नेमकं १.३२५ च यावं म्हणून चिमूट चिमूट काढत घालत बसू नका, तोपर्यंत तो ओलावा धरतो, १.३१८ आलं तर १.३१८ लिहा आणि भागाकार करा, ०.०९९५ नॉर्मल आलं, झालं.

ह्यातलं २५ मिली पिपेटनं कोनिकल फ्लास्कमध्ये, दोन थेंब मिथिल ऑरेंज, रंग पिवळा. ब्युरेटमधून ॲसिड. पिवळा जाऊन नारिंगी दिसला की थांबायचं, लाल गुलाबी झाला म्हणजे पुढं गेलात. इथं फिनॉल्फ्थेलिन नको कारण तो अर्ध्या वाटेवरच रंग सोडतो, का ते पुढं. समजा कार्बोनेट बरोबर ०.१ आहे आणि ॲसिड लागलं २४.७ मिली, तर ॲसिडची नॉर्मॅलिटी २५ गुणिले ०.१ भागिले २४.७, म्हणजे ०.१०१२. हा आकडा तारखेसकट बाटलीवर लिहायचा. मी महिन्यातून एकदा परत काढते. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर नक्कीच, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत काढलेलं आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या लॅबमध्ये ४० डिग्रीला वापरलेलं पाणी अर्धा टक्का तरी फुगलेलं असतं. ब्युरेट-पिपेटवर बारीक अक्षरात २० किंवा २७ डिग्री लिहिलेलं असतं ते ह्याच्यासाठीच. पण हा अर्धा टक्का पुढच्या चुकांपुढं काहीच नाही, तेव्हा त्याचं फार टेन्शन घेऊ नका.

सॅम्पल

खरी भानगड इथंच. आमटीचं पातेलं न ढवळता वरची वाटी काढली तर काय येतं? नुसतं पाणी आणि तर्री. टँकचं पण तसंच, कॉस्टिक लाय जड असते, मास्टरनं वरून पाणी सोडलं असेल तर ते वर तरंगत राहतं आणि खाली घट्ट लाय, आणि पोरगं येतं ते वरून पाण्याचा मग बुडवून भरून नेतं. पंप फिरवून किंवा चांगलं ढवळून, मग मधल्या लेव्हलचं सॅम्पल. बाटली आधी त्याच लायनं दोनदा विसळून टाकायची, मग काठोकाठ भरून लगेच झाकण. काठोकाठ का, तर वर हवा राहिली की त्यातला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिकमध्ये शिरतो आणि सोडा तयार होतो.

किअरमधलं (माल उकळायची टाकी) किंवा जिगरचं (कापड रंगवायचं मशीन) गरम सॅम्पल असेल तर झाकण लावून रूम टेम्परेचरला येऊ द्यायचं. गरम लाय १० मिली घेतली तर ती १० मिली नसतेच.

डायल्यूट करणं

३०० ग्रॅमची लाय म्हणजे साडेसात नॉर्मल, तिला ०.१ च्या ॲसिडनं थेट टायट्रेट करायला गेलात तर १० मिलीला ७५० मिली ॲसिड लागेल, ब्युरेट पंधरा वेळा भरा. म्हणून १० मिली लाय पिपेटनं घेऊन २५० च्या स्टँडर्ड फ्लास्कमध्ये पाण्यात सोडायची, फ्लास्क गरम होतो, गार होईपर्यंत थांबायचं, मग मार्कपर्यंत डीएम पाणी आणि बूच लावून पंधरा-वीस वेळा उलटसुलट. हे उलटसुलट करणं लोक विसरतात, मग पहिलं रीडिंग एक आणि तिसरं भलतंच.

घट्ट लाय पिपेटमधून हळू उतरते, काकवीसारखी. घाई केली तर आत भिंतीला चिकटून राहते. बाहेरून टिश्यूनं पुसायचं, सावकाश सोडायचं, टोक फ्लास्कच्या भिंतीला लावून थोडं थांबायचं, शेवटचा थेंब फुंकायचा नाही. आता बघा, ह्या एका कामात ०.३ मिली कमी पडलं, म्हणजे ९.७ च आलं, तर लिटरमागं ८ ग्रॅमचा फरक. आणि शेवटी एंड पॉइंटला तुम्ही जो जीव मुठीत धरून एक-दोन थेंबांसाठी भांडता, तो ०.१ मिलीचा फरक म्हणजे लिटरला फक्त १ ग्रॅम. जीव कुठं मुठीत धरायचा ते तुम्हीच ठरवा.

स्कॉरिंग बाथसारखं (माल उकळून साफ करायचं द्रावण) पातळ काही असेल, लिटरला चार-पाच ग्रॅमवालं, तर डायल्यूट करायची गरज नाही, १० मिली थेट घ्या. त्याला सोपा गुणाकार पण आहे, १० मिली बाथ आणि ०.१ नॉर्मल ॲसिड असेल तर जेवढे मिली लागले गुणिले ०.४ म्हणजे लिटरला तेवढे ग्रॅम कॉस्टिक. साडेबारा मिली लागलं तर ५ ग्रॅम. ॲसिड नेमकं ०.१ नसेल तर फॅक्टरनं गुणा, ०.१०१२ ला १.०१२. वॅट डायच्या बाथला मात्र हे लावू नका, त्यात हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) असतं, डायचा स्वतःचा रंग असतो, हा सरळ हिशोब तिथं चालत नाही.

आता टायट्रेशन

ब्युरेट आधी पाण्यानं, मग दोनदा थोड्या थोड्या ॲसिडनं विसळा. पिपेट पण ज्यात बुडवणार त्याच द्रावणानं विसळा. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डीएम पाण्यानं, लायनं नाही. ह्यात गोंधळ होतो कायम. लक्षात ठेवायचं कसं, तर ज्या भांड्यानं मोजतो त्यात पाणी राहून चालत नाही, ते आतला माल पातळ करेल, आणि ज्या फ्लास्कमध्ये मोजून झालेला माल पडतो त्यात पाणी असलं तरी अल्कली तेवढीच राहते, पण लायनं विसळला तर जास्तीची अल्कली आली ना.

ब्युरेट भरून कॉक एकदम उघडून टोकातला बुडबुडा घालवा. तो बुडबुडा मध्येच निघाला तर अर्धा मिली ॲसिड कुठंच न पडता रीडिंगमध्ये धरलं जातं. वरचं फनेल काढून ठेवा, त्यातून पण थेंब पडतात. डोळा रेषेच्या समोर, खालचा बाक बघायचा.

डायल्यूट केलेल्यातलं १० मिली फ्लास्कमध्ये, ३०-४० मिली डीएम पाणी, दोन थेंब फिनॉल्फ्थेलिन. गर्द गुलाबी. लगेच ॲसिड सुरू करा, चहा प्यायला जाऊ नका. कारण जोरकस अल्कलीत फिनॉल्फ्थेलिनचा गुलाबी रंग हळूहळू आपोआप जातो, आणि डायल्यूट न करता थेट लायमध्ये टाकलात तर बघता बघता. नवीन होते तेव्हा मी हेच केलं होतं, थेट लायमध्ये इंडिकेटर टाकला, कोणीतरी हाक मारली म्हणून गेले, परत येऊन बघते तर पाण्यासारखं स्वच्छ. मी म्हटलं अल्कलीच नाही की ह्याच्यात! रजिस्टरला लिहायला पेन उघडलं होतं, नशीब सीनियरनं बघितलं, म्हणाले बोट घाल बे मग त्यात, नसेल तर. नाही घातलं.

दुसरी अडचण अशी की कॉलेजला बहुतेकांनी ब्युरेटमध्ये कॉस्टिक आणि फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड घेऊन केलेलं असतं, म्हणजे रंगहीनातून गुलाबी येतो, तो पटकन डोळ्यात भरतो. इथं उलटं, गुलाबी जातो. जाणारा रंग पकडणं अवघड, फिकट फिकट होत जातो आणि गेला का आहे ते कळत नाही. टाइल त्याच्यासाठीच आहे, शिवाय शेजारी एका फ्लास्कमध्ये नुसतं पाणी ठेवून ताडून बघा. फिकट व्हायला लागला की थेंब थेंब, शेवटी कॉक जरासा फिरवून टोकाला लटकलेला अर्धा थेंब फ्लास्कच्या भिंतीला टेकवून वॉश बॉटलनं आत ढकलायचा. फ्लास्क सतत फिरवत राहा, ॲसिड एकाच जागी साचलं की तिथल्या कार्बोनेटमधून गॅस उडून जातो आणि दुसऱ्या टप्प्याचं रीडिंग कमी येतं.

रंग गेला, रीडिंग लिहा. ब्युरेट परत भरू नका, शून्यावर आणू नका. आता त्याच फ्लास्कमध्ये दोन थेंब मिथिल ऑरेंज, पिवळा झाला, पुढं ॲसिड चालू, नारिंगीला थांबा, दुसरं रीडिंग लिहा.

असं तीनदा. पहिलं घाईत केलं तरी चालतं, अंदाज येतो. पुढची दोन ०.१ मिलीच्या आत जुळली पाहिजेत. जुळत नसतील तर सरासरी काढून पळवाट काढू नका, चौथं करा.

दोन इंडिकेटर कशाला

लाय हवेतला कार्बन डायऑक्साइड पिते आणि सोडियम कार्बोनेट तयार होतं. ॲसिड घालत गेलो की पहिल्यांदा सगळं कॉस्टिक संपतं, मग कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं, आणि बरोबर इथं, पीएच साधारण ८.३ ला, फिनॉल्फ्थेलिनचा रंग जातो. पुढं बायकार्बोनेटचं पार पाणी आणि गॅस होईपर्यंत ॲसिड घातलं की पीएच ४ च्या आसपास मिथिल ऑरेंज बदलतो. म्हणजे कार्बोनेटला लागणारं ॲसिड दोन समान हप्त्यांत जातं, पहिला हप्ता पहिल्या एंड पॉइंटच्या आत दडलेला आणि दुसरा दोन्हीच्या मधला.

आमचं त्या दिवशीचं रीडिंग होतं पहिलं २८.४, दुसरं २९.३. मधला फरक ०.९, हा कार्बोनेटचा अर्धा हप्ता. मग कॉस्टिकला लागलेलं ॲसिड २८.४ वजा ०.९, म्हणजे २७.५ मिली. कार्बोनेटला ०.९ च्या दुप्पट, १.८.

कॉस्टिक: २७.५ गुणिले ०.१०१२ भागिले १० म्हणजे ०.२७८३ नॉर्मल. १० चे २५० केले होते म्हणून गुणिले २५, झालं ६.९५७५ नॉर्मल. इक्विव्हॅलंट वजन ४०, म्हणून लिटरला २७८.३ ग्रॅम.

कार्बोनेट: १.८ गुणिले ०.१०१२ भागिले १०, गुणिले २५, गुणिले ५३, लिटरला २४.१ ग्रॅम.

नुसत्या मिथिल ऑरेंजवर काढलं असतं तर २९.३ धरून २९६.५ आलं असतं, आणि हायड्रोमीटरच्या ३०० ला ते इतकं छान जुळलं असतं की आम्ही खुशीत सुतालाच शिव्या घालत बसलो असतो. मधले १८ ग्रॅम कॉस्टिक हवेनं खाल्लं होतं, त्याचाच सोडा झाला, आणि सोडा मर्सराइझिंगचं काम करत नाही. सूत फुगवतं ते घट्ट कॉस्टिकच. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाला १८४४ मध्ये घट्ट कॉस्टिक कापसाच्या कापडातून गाळताना कापड आक्रसून बदललेलं दिसलं, १८५० मध्ये त्यानं पेटंट घेतलं, पण चमक त्याच्या हातात आली नाही, ती १८९० च्या सुमारास होरेस लोव नावाच्या माणसानं कापड ताणून धरून मिळवली. म्हणजे ताण आणि कॉस्टिक दोन्ही लागतं, आमच्या ताणाचा दोष नव्हता.

टक्केवारीत कोणी मागितलं तर जडपणा पण लागतो. १.२६ असेल तर एक लिटरचं वजन १२६० ग्रॅम, २७८.३ भागिले १२६०, साधारण २२.१ टक्के. ग्रॅम पर लिटर आणि टक्के ह्यांची सरमिसळ करू नका, ३०० ग्रॅमची लाय ३० टक्के नसते. फोनवर बोलताना एकजण टक्के म्हणतो आणि दुसरा ग्रॅम ऐकतो, मग राडा.

पाण्याची गोष्ट

आपल्याकडं उजनीचं पाणी येतं ते काही दिवसांआड, मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर. एकदा डीएम पाणी संपलं होतं, मी म्हटलं फ्लास्कमध्ये नुसतं पातळ करायला तर पाहिजे, काय फरक पडतो, आणि ५० मिली बोअरचं घातलं. कार्बोनेट एकदम ढीगभर निघालं आणि कॉस्टिक कमी. सप्लायरला फोन झाला, मालकांनी आवाज चढवला, दुसऱ्या दिवशी डीएम पाणी आल्यावर परत केलं तर लाय चांगली.

झालं काय होतं, तर बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं. समजा अल्कलिनिटी ३०० पीपीएम आहे, तर ५० मिली पाणी एकटंच ०.१ नॉर्मल ॲसिडचे ३ मिली पितं. आणि पितं ते पण नेमकं दुसऱ्या टप्प्यात, फिनॉल्फ्थेलिनच्या नंतर. म्हणजे ०.९ चा फरक ३.९ दिसणार, त्याची दुप्पट कार्बोनेटच्या नावावर, आणि कॉस्टिकमधून ३ मिली उगाच वजा. खडकाळ भागातलं बोअर असेल तर पाणी दिसतं काचेसारखं, पण त्यात काय काय असतं ते ॲसिडलाच कळतं. डीएम पाणी नसेल तर त्या दिवशी टायट्रेशन करू नका, किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणा, पण ते पण आधी नुसतं घेऊन मिथिल ऑरेंज टाकून बघा, एक-दोन थेंबांत रंग बदलला पाहिजे.

मास्टरला काय सांगायचं

नुसतं २७८ सांगून काम संपत नाही, तो विचारणार किती घालू. आमच्याकडं ५० टक्क्यांची लाय टँकरनं येते, तिची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.५२५ च्या आसपास, म्हणजे लिटरमध्ये साधारण ७६२ ग्रॅम कॉस्टिक. १००० लिटरला २७८.३ वरून ३०० वर न्यायचं. प्रत्येक लिटरला २१.७ कमी, म्हणजे एकूण २१,७०० ग्रॅम. पण ओतलेल्या प्रत्येक लिटरला पण शेवटी ३०० वरच राहायचंय, म्हणून तिचे ७६२ वजा ३०० म्हणजे ४६२ च कामाला येतात. २१,७०० भागिले ४६२, सुमारे ४७ लिटर. नवीन पोरं २१,७०० ला ७६२ नं भागतात, २८ लिटर सांगतात आणि मग संध्याकाळी परत कमी आलं म्हणून डोकं खाजवतात. ओतताना टँक गरम होणार, ढवळून गार झाल्यावर परत एक सॅम्पल. २४ ग्रॅम सोडा मात्र तसाच राहतो, तो वाढत वाढत गेला की कधीतरी लाय बदलावीच लागते, त्यामुळं रजिस्टरमध्ये कॉस्टिकच्या शेजारी कार्बोनेटचा वेगळा कॉलम आखा, आमच्याकडं आधी नव्हता.

बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेट आधीच खाली बसवायचं आणि मग फक्त फिनॉल्फ्थेलिननं कॉस्टिक काढायचं अशी पण पद्धत आहे, कार्बोनेट जास्त असेल तर ती जास्त नेमकी पडते, पण बेरियम विषारी, ते नाल्यात सोडता येत नाही, सुरुवातीला नका लागू त्याच्या नादी.

काम झालं की ब्युरेट रिकामी करून पाण्यानं धुवा, कॉक उघडा ठेवून उलटी लावा. फ्लास्कमधलं ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या) लाइनला. आणि डायल्यूट केलेला तो २५० चा फ्लास्क उद्यासाठी ठेवू नका, रात्रभरात हवा परत आपलं काम करते, सकाळी त्यातून निघालेलं कार्बोनेट टँकचं नसतं, फ्लास्कचं असतं.